पोथ्यांसाठी करून घेतलेली पत्र्याची ट्रंक : पाच पावसाळ्यांनंतर

३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या श्रीवर्धनजवळच्या घराची माजघरावरची कौलं उडाली आणि सासऱ्यांची पोथ्यांची लाकडी पेटी दोन दिवस पावसात भिजत राहिली. माणसं वाचली, गुरं वाचली, पेटीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पोथ्या बांधलेले कापडी रुमाल सोडले. पक्क्या शाईची पानं चिंब असूनही वाचता येत होती. कच्च्या शाईतली वैद्यकाची वही मात्र गेली. सासऱ्यांचे आजोबा कुठल्या तापावर कुठला काढा देत ते त्या वहीत होतं, आणि ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून दिवाळीनंतर बाजारातल्या ट्रंकवाल्या चाचांकडून ही पेटी करून घेतली. तयार ट्रंका पातळ पत्र्याच्या असतात. मी त्याहून जाड, २२ गेजचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा सांगितला. लांबी ३० इंच, रुंदी १८, उंची १२, दोन्ही बाजूंना धरायला कड्या, पुढे कडी-कोयंडा. २,८०० रुपये पडले. झाकणाची कड त्यांनी अशी दुमडून दिली आहे की वरून बादली ओतली तरी थेंब आत जात नाही. मी खरंच ओतून पाहिली.

घरात सगळे म्हणत होते, चांगलं लोखंडी कपाट घे. पण कपाट संकटाच्या वेळी उचलून नेता येत नाही. हे मला टिंबक्टूमुळे कळलं होतं. मालीतल्या त्या वाळवंटाकाठच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत हस्तलिखितं जपलेली होती. कुराण, धर्मशास्त्र, खगोल, वैद्यक, व्यापाराची पत्रं. आपल्या पोथ्यांसारखीच सुटी पानं, फक्त लाकडी फळ्यांच्या जागी चामड्याचं वेष्टण. २०१२ मध्ये अल-कायदाशी जोडलेल्या सशस्त्र टोळ्यांनी गाव ताब्यात घेतलं आणि तिथल्या संतांच्या समाध्या कुदळींनी पाडायला सुरुवात केली. तेव्हा अब्देल कादर हैदरा आणि तिथल्या घराण्यांनी पोथ्या पत्र्याच्या ट्रंकांत भरल्या आणि चोरून, कधी गाडीने तर कधी नायजर नदीतल्या होड्यांनी, राजधानी बामाकोकडे धाडल्या. दोन हजारांवर ट्रंका! माझी एक पेटी भरल्यावर उचलायला मी आणि मुलगा दोघं लागतो, तेही माजघरातून पडवीपर्यंत. त्यांच्या वाटेवर बंदूकवाले नाके घालून उभे होते.

जानेवारी २०१३ मध्ये पळून जाताना त्या टोळ्यांनी टिंबक्टूतल्या अहमद बाबा या सरकारी हस्तलिखित संस्थेत हाती लागलेली हस्तलिखितं पेटवली. चार हजारांच्या आसपास जळाली किंवा नाहीशी झाली. बाकीची बहुतेक, लाखोंच्या घरातली पानं तोवर निघून गेली होती. समाध्या पाडणाऱ्यांतल्या अहमद अल-फकी अल-महदीला पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये ९ वर्षांची शिक्षा दिली. त्या खटल्यात आरोप एकच होता, वारसा उद्ध्वस्त केल्याचा. मला ही शिक्षा फार मोलाची वाटते. गावाची समाधी पाडणं हा माणसांवरचाच घाव आहे, हे कुणीतरी न्यायालयात उभं राहून बोललं.

पेटी न्यायला गेले तेव्हा चाचांना फोनवर टिंबक्टूच्या पोथ्यांचा फोटो दाखवला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, पान मोठं करून पहिली ओळ बोटाने धरली. वळण वेगळं होतं, पण ‘बिस्मिल्ला’ त्यांना लागलं. मग जाळल्याचं सांगितलं. ते बराच वेळ फोन हातात घेऊन बसले. “वहिनी, हे तर देवाचंच नाव आहे,” एवढंच म्हणाले, आणि कोयंड्याचा खिळा पुन्हा ठोकून घट्ट करून दिला.

आता पेटीचा दोष. पत्रा पाणी अडवतो, दमटपणा आत कोंडतो. पहिल्या श्रावणात झाकण उघडलं तर आतून घाम फुटलेला आणि वरच्या रुमालाला बुरशीचा वास. टिंबक्टूच्या पोथ्यांनाही हाच त्रास झाला. वाळवंटाच्या कोरड्या हवेत टिकलेले कागद बामाकोच्या ओलसर हवेत खराब होऊ लागले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये २८,००० हून अधिक हस्तलिखितं परत टिंबक्टूला नेली. बातमी वाचली तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी पेटीतल्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बदलत होते.

माझी पद्धत सांगते. पेटी जमिनीवर नाही, लाकडी ठोकळ्यांवर. तळाला आणि झाकणाला आतून जुनं सुती धोतर, म्हणजे घाम कागदावर टपकत नाही. वेखंडाच्या पुरचुंड्या. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, उघडीप असेल तेव्हा तासभर झाकण उघडं. दसऱ्याला पूजेच्या निमित्ताने सगळे रुमाल सोडून पानं सावलीत पसरायची, उन्हात कधीच नाही. आणि प्रत्येक पानाचा फोटो. माझे सहाशेच्या वर झाले आहेत, मोडीतली दोन दप्तरं राहिली.

बिजागऱ्या खाऱ्या हवेने दुसऱ्याच वर्षी गंजल्या. चाचांनी पैसे न घेता बदलून दिल्या. आतला रंग नको असं आधीच सांगा, त्याचा वास कागदाला वर्षभर सोडत नाही. पाचपैकी चार तारे, एक घामासाठी कापला.

मोडीच्या दप्तरांसाठी दुसरी पेटी सांगून आले आहे. बिजागऱ्या पितळेच्या, आतून रंग नाही, उंची दोन इंच कमी, म्हणजे मी एकटी उचलू शकेन.