'पेपर्स, प्लीज' : सात महिने खेळल्यानंतर, मुख्यतः अटकेच्या बटणाबद्दल

टॅबचा टच गेला म्हणून दुरुस्तीला दिला. दुकानदाराने न विचारता सगळा टॅब रिसेट करून परत दिला आणि आमचा चार महिन्यांचा सेव्ह गेला. तिथे उभं राहून भांडले, तरी डिस्प्लेचे पैसे मोजावेच लागले. मग गेम पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केला, आणि या वेळी तो मला वेगळाच दिसला. म्हणून हे लिहितेय.

गेम बहुतेकांना माहीत असेल. 1982 साल, आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, ग्रेस्टिनची सीमाचौकी. आपण खिडकीमागे बसून कागद तपासायचे आणि हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. लुकास पोपने तो 2013 मध्ये काढला, फोनवर 2022 मध्ये आला.

मी घेतला तो मुलासाठी. तो चौदा वर्षांचा आहे, त्याला बीजीएमआय हा बंदुकांच्या लढाईचा मोबाईल गेम हवा होता. "आई, त्यात रक्त हिरवं असतं," हा त्याचा मुद्दा. आणि ते खरंही आहे, 2021 मध्ये तो गेम आला तेव्हा रक्त हिरवंच दाखवलं होतं. मी म्हटलं, मारामारीच नको, हा घे, यात फक्त कागद आहेत. पहिले दोन महिने मी हा गेम ओळखीच्या तीन घरांत सुचवला.

यात पुढे बंदूकही हातात येते, बॉम्बस्फोटही होतात. त्याबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. माझा जीव अडकला तो अटकेच्या बटणात. कागद खोटा निघाला की ते बटण येतं. दाबलं की दोन शिपाई आत येतात, माणसाला घेऊन जातात, आणि खिडकी रिकामी होते. पुढे त्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही. खरं तर लाल शिक्का मारून त्याला परत पाठवलं तरी चालतं. माणसामागे मिळणारे 5 क्रेडिट (गेममधले पैसे) तेवढेच मिळतात, दंडही होत नाही. पण एक पहारेकरी येऊन सांगतो की जास्त लोक पकडून दे, तुला वाटा देतो.

गेममधल्या आपल्या घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. जेवण 20, हीटिंग 10, शिवाय भाडं. घरखर्च मीच बघते, त्यामुळे हे गणित मला लगेच जमलं. एका संध्याकाळी मुलगा खेळत होता. समोर एक म्हातारी, परवान्यावरचा शिक्का खोटा. तो सहज म्हणाला, "आई, हिला पकडू या ना, हीटिंगचे सुटतील." मी "हो, पकड" म्हटलं. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून उठले, आणि गॅस बंद करताना लक्षात आलं की आपण काय बोललो.

मी स्वतः दाखल्यांच्या खिडकीमागे बसते. त्रुटी काढून माणूस परत पाठवणं हे माझं रोजचं काम. कुणाला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा फेरी मारायला लावली की त्याचा दिवसाचा रोज बुडतो, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. त्याला मी कधी हिंसा म्हटलं नव्हतं. आता वाटतं, जिथे नियम एकच असूनही कमी त्रासाचा रस्ता आपल्या हातात होता आणि तो आपण घेतला नाही, तिथून ती सुरू होते. रक्त दिसो वा न दिसो.

2014 मध्ये आयपॅडवर येताना अ‍ॅपलने या गेमला आधी अडवलं होतं, ते अंगझडतीच्या यंत्रात दिसणाऱ्या नग्न देहांमुळे. नंतर ते देह दाखवण्याचा पर्याय परत आला. मुलं खेळणार असतील तर सेटिंगमध्ये तो बंद ठेवा. अटकेच्या बटणाला मात्र असा पर्याय नाही, आणि नाही हे बरंच आहे.

मध्ये महिनाभर मी टॅब कपाटात ठेवला होता. चौदा वर्षांच्या मुलाने हे खेळू नये असं माझं ठाम मत झालं होतं. आता ते बदललंय. खेळू द्या, पण शेजारी बसा. एकट्याने खेळताना ते फक्त गणित उरतं.

दुसऱ्या वेळी आम्ही ठरवलं की ज्याला परत पाठवता येईल त्याला पकडायचं नाही. पाचव्या दिवशी एक जोडपं आलं, नवऱ्याचे कागद बरोबर, बायकोकडे प्रवेश परवानाच नाही. पहिल्यांदा तिला परत पाठवलं होतं. या वेळी मुलाने हिरवा शिक्का मारला, चूक झाल्याची चिठ्ठी छापून आली, ती त्याने बाजूला सरकवली.

आता बाराव्या दिवशी आहोत. काका आजारी आहे, औषधापुरते पैसे नाहीत, आणि पहारेकरी अजून वाटा देऊ करतोय. मुलाने काल सेव्ह करून टॅब बंद केला, म्हणाला उद्या ठरवू.