ह्यूम घ्यावा की पेटमन-मिल्स? सामाजिक करारावरच्या दोन टीका

माझी भाची वडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात एम.ए. करतेय. लघुप्रबंधाला सामाजिक कराराच्या सिद्धान्तावरची (राज्य लोकांच्या आपसातल्या करारातून, त्यांच्या संमतीनं उभं राहतं, या मतावरची) टीका घ्यायची हे ठरलंय, पण आधार कुणाचा घ्यायचा तिथे गाडी अडलीय. अठराव्या शतकातला तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम, की विसाव्या शतकातली स्त्रीवादी विचारवंत कॅरोल पेटमन आणि वंशवादावर लिहिणारा तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स? तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण या पेचात ती एकटी नसणार.

ह्यूमचा सवाल सरळ आहे: करार झाला कधी? कराराच्या सिद्धान्ताचा सतराव्या शतकातला पुरस्कर्ता जॉन लॉक म्हणतो, राज्याच्या रस्त्यावरून नुसतं गेलात तरी तुमची मूक संमती धरली जाते. ह्यूमनं 1748 च्या निबंधात याला उत्तर दिलंय. माणसाला झोपेत उचलून जहाजावर आणला. आता तो जहाजावर राहतोय म्हणजे कप्तानाचा हुकूम त्याला मान्य आहे, असं म्हणायचं का? उतरायचं तर समुद्रात उडीच मारावी लागेल. भाचीच्या दांडिया बाजारातल्या खोलीचा 11 महिन्यांचा भाडेकरार समोर ठेवा. स्टॅम्पपेपर आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, महिन्याची नोटीस दिली की सामान उचलून मांजलपूरला जाता येतं. राज्याशी असा कागद कुणी केलाय?

ह्यूमची टीका आटोपशीर आहे, मुदतीत लिहून होते. पण ती लॉकला लागते, जर्मन तत्त्वज्ञ कांटला लागत नाही. कांट आणि पुढे 1971 मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स मानतात की करार कधी घडलाच नाही. कायदा न्याय्य आहे का, हे तपासायची ती कसोटी आहे. त्यांच्याशी वाद घालायचा तर कायद्याचा तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन याच्याकडे जावं लागेल. काल्पनिक करार हा करारच नव्हे, हे त्याचं म्हणणं.

पेटमन (1988 च्या पुस्तकात) आणि मिल्स (1997 च्या पुस्तकात) वेगळंच विचारतात: सही करायला बोलावलं कुणाला? पेटमनच्या मते, जे समान म्हणून एकत्र आले ते पुरुष होते आणि स्त्रियांवरचा त्यांचा अधिकार त्या करारातच गृहीत होता. मिल्सच्या मते करार गोऱ्यांनी आपसात केला, बाकीच्यांना त्यात पूर्ण माणूस धरलंच नाही. स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता लॉक गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा भागधारक होता, हे इथे आठवावं.

आता वडोद्याचंच बघा. आंबेडकरांना 1913 मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली, दहा वर्षं नोकरी करण्याच्या अटीवर. तो खरा, लेखी करार होता. तो पाळायला ते 1917 मध्ये इथे आले, तर राहायला जागा कुणी देईना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. बाहेर पडून ते कमाटी बाग या इथल्या सार्वजनिक बागेत बसले. मला ही गोष्ट अजून स्वस्थ बसू देत नाही. इथे ह्यूम पुरत नाही, कारण संमती होती, सही होती, राजाही अनुकूल होता. तरीही ज्या शहराची चाकरी करायची त्याचं दार बंद होतं.

म्हणून माझा कौल मिल्सला. अडचणी मात्र आहेत. वंश म्हणजे जात नव्हे. मिल्सचा युक्तिवाद जसाच्या तसा इथे आणून बसवला तर परीक्षक तिथेच धरतील. शिवाय पेटमन आणि मिल्स यांचं एकमेकांशी पटतंच असं नाही. पेटमनला कराराची भाषाच सोडायची आहे, मिल्सला ती दुरुस्त करून वापरायची आहे. दोघांनी 2007 मध्ये मिळून पुस्तक लिहिलं तरी हा मतभेद राहिलाच. प्रबंधात एकाची बाजू घ्यावी लागेल.

हातात दोनच महिने असतील आणि लढत लॉकशीच असेल, तर ह्यूम घ्या, त्यात कमीपणा नाही. भाचीकडे सहा महिने आहेत. तिला म्हटलं, पहिलं प्रकरण कमाटी बागेतून सुरू कर.