ईडीबी फाइल फुगली: आवळायची की मेलबॉक्स हलवायचे?

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळणारा माझा मावसभाऊ परवा विचारत होता, "दादा, लोकांनी ढीगभर मेल पुसले, तरी एक्स्चेंजची फाइल तेवढीच कशी?"

एक्स्चेंज म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर. त्याचा डेटाबेस, म्हणजे लोकांचे मेलबॉक्स, ईडीबी फाइलीत साठवलेला असतो. पुसलेल्या मेलची जागा फाइलीतच मोकळी राहते आणि नव्या मेलसाठी वापरली जाते, फाइल आपोआप लहान होत नाही. शिवाय पुसलेले मेल एरवी १४ दिवस राखून ठेवलेले असतात. म्हणून आधी मोकळी जागा किती आहे ते बघ. ती लवकरच भरणार असेल तर हात लावूच नकोस.

इसेयुटिल या एक्स्चेंजच्याच साधनाने फाइल आवळायची, तर डेटाबेस बंद करावा लागतो. काम संपेपर्यंत कुणाला मेल नाही. नवी प्रत तयार होत असल्याने फाइलीच्या ११० टक्के जागा मोकळी हवी. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा यूपीएस तासन्‌तास टिकणार का, हे आधी तपास. नंतर लगेच पूर्ण बॅकअप घ्यायचाच.

नव्या डेटाबेसमध्ये मेलबॉक्स हलवणं मला जास्त पटतं. २०१० च्या आवृत्तीपासून हे लोक काम करत असतानाच होतं, आणि थोडे थोडे मेलबॉक्स हलवता येतात. मात्र लॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइली, भराभर वाढतात, त्यांची डिस्क भरली की डेटाबेस बंद पडतो. एक्स्चेंज स्वतःच्या कामासाठी ठेवतं ते सिस्टिम मेलबॉक्सही हलव, त्याशिवाय जुना डेटाबेस काढता येत नाही.

नव्या डेटाबेसला जागा असेल, कारखाना तीन पाळ्यांत चालत असेल, तर मेलबॉक्स हलव. छोटं ऑफिस, रविवारची सुट्टी आणि बाहेरच्या डिस्कवर तात्पुरतीच जागा असेल, तर इसेयुटिल चालेल.