त्सुमोरी, योतेइ आणि 'ओमोत्ते इमास': काही महिने रोज वापरल्यावर

जपानीत 'मी अमुक करणार आहे' हे सांगायचे चार-पाच प्रकार आहेत. एन-फोरच्या (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एक पातळी) अभ्यासात ते जवळजवळ एका दमात शिकवले जातात आणि परीक्षेपुरते जमतातही. पण रोजच्या बोलण्यात यातला कुठला कधी काढायचा, ते वर्गात फारसं कळत नाही. टोकियोजवळ नोकरीला आल्यापासून मी ऑफिसात, शेजारीपाजारी, दुकानात हे सगळे प्रकार मुद्दाम वापरून बघतेय. डिसेंबरच्या किंवा जुलैच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आणि इकडे यायच्या बेतात असलेल्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, हे व्याकरण इंग्रजीच्या आधाराने शिकू नका. जपानीत वेगळा भविष्यकाळ नाही. 'आश्ता इकिमास' (उद्या जाते) यातलं क्रियापद तेच राहतं, उद्याचं आहे हे 'आश्ता' सांगतो. त्यामुळे 'विल' आणि 'गोइंग टू' यांच्या जोड्या लावत बसलं की सगळं सपाट होतं. बेत कितपत पक्का आहे आणि तो कोणी ठरवला, हे दाखवायला ही रूपं आहेत. आणि आपण मराठीत दिवसभर तेच करत असतो: जायचा विचार आहे, जायचं ठरवलंय, जायचं ठरलंय. या तीन वाक्यांतला फरक ज्याला कळतो त्याचा अर्धा धडा झालेला आहे.

रोजच्या वापरात सगळ्यात कामाला आलं ते '-ओऽ तो ओमोत्ते इमास', म्हणजे आपलं 'जायचा विचार आहे'. इकुचं (जाणं) इकोऽ, नोमुचं (पिणं) नोमोऽ, ताबेरुचं (खाणं) ताबेयोऽ, सुरुचं (करणं) शियोऽ, कुरुचं (येणं) कोयोऽ. रूपं तोंडात बसायला थोडे दिवस लागतात. 'काएरु' दिसायला ताबेरुसारखं असलं तरी ते इकुच्या गटातलं, म्हणून काएरोऽ. हे एक पाठच करून टाका, कारण परदेशात राहणाऱ्याला 'घरी परत जाणं' सतत लागतं.

गणपतीसाठी रजा हवी होती तेव्हा मी साहेबांना म्हटलं, "राइगेत्सु, इंदो नि काएरोऽ तो ओमोत्ते इरुन् देस गा…" (पुढच्या महिन्यात भारतात जायचा विचार आहे, पण…) आणि 'गा'वर वाक्य सोडून दिलं. त्यांनी लगेच "इत्सु गोरो?" म्हणत कॅलेंडर उघडलं. कधीच्या सुमारास, असं त्यांनी विचारलं म्हणजे तारखा मिळून ठरवायच्या होत्या. त्या जागी 'काएरु त्सुमोरी देस' (परत जायचा इरादा आहे) म्हटलं असतं तर व्याकरण बरोबरच राहिलं असतं, पण ऐकणाऱ्याला वाटतं की हिचं सगळं ठरलंय आणि आपल्याला फक्त कळवतेय. रजा, घर बदलणं, कामात काही नवीन करून बघणं, जिथे समोरच्याचं मत लागतं तिथे 'ओमोत्ते इमास' आणि मागे लोंबकळणारा 'गा', ही जोडी मी डोळे झाकून सुचवेन.

त्सुमोरी वाईट नाही. स्वतःच्या निर्धारासाठी ते छान आहे, 'यंदा एन-थ्री द्यायचीच' या अर्थाने. पण दोन ठिकाणी जपा. वरिष्ठांना किंवा अनोळखी माणसाला 'नानि ओ सुरु त्सुमोरी देस का' विचारू नका, ते 'तुमचा इरादा काय आहे?' असं जाब विचारल्यासारखं लागतं. त्याऐवजी 'गोयोतेइ वा?' (काही ठरलंय का?) विचारा. आणि 'इकु त्सुमोरी वा आरिमासेन' (जायचा मुळी इरादाच नाही) हा नकार 'इकानाइ त्सुमोरी देस'पेक्षा (न जायचा बेत आहे) बराच कडक आहे, तो जपून वापरा.

योतेइ हा वेळापत्रकाचा शब्द. त्यात आपली इच्छा असायलाच हवी असं नाही, म्हणून विमान कधी पोचणार हेही योतेइने सांगता येतं, जे त्सुमोरीने अजिबात चालत नाही. पार्सल कधी मिळेल ती तारीख 'ओतोदोके योतेइबी', बाळंतपणाची तारीख 'शुस्सान योतेइबी'. एकदा कानात बसला की हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. मला त्याचा दुसराच उपयोग जास्त आवडला. कोणी रविवारी बोलावलं आणि जायचं नसेल तर 'निचियोऽबी वा चोत्तो योतेइ गा…' (रविवारी जरा काही ठरलंय…) एवढं पुरतं. कसलं काम आहे, कुठे जाणार, कोण येणार, काही कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या चौकशांची सवय असलेल्या माणसाला ही केवढी मोठी सोय आहे! उलट कोणी 'इकेतारा इकु', म्हणजे 'जमलं तर येतो', म्हणालं तर त्याच्यासाठी खुर्ची राखून ठेवू नका. विशेषतः ओसाकाकडे याचा अर्थ बहुधा 'येत नाही' असाच धरतात.

आता माझं सगळ्यात आवडतं. 'कोतो नि शिमाशिता' म्हणजे मी ठरवलं, 'कोतो नि नारिमाशिता' म्हणजे ठरलं. एका सहकाऱ्याची ओसाकाला बदली झाली, तो म्हणाला 'तेन्किन सुरु कोतो नि नारिमाशिता'. बदली कंपनीने केली, हे सरळ आहे. पण स्वतः प्रेमात पडून लग्न करणारी माणसंही 'केक्कोन सुरु कोतो नि नारिमाशिता' अशीच बातमी देतात. इंग्रजीतून शिकलेल्यांना हे विचित्र वाटतं. आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, कारण आपणही 'माझं लग्न ठरलं' असंच म्हणतो, मग ते कोणी का ठरवलेलं असेना. मोठी बातमी देताना 'नारिमाशिता' वापरलं की 'मी, मी' कमी होतं आणि बोलणं सौम्य वाटतं. नोकरी सोडताना, घर बदलताना याने खूप मदत होते.

मराठी जिथे हात सोडते ती जागाही सांगते. 'तो जाणार आहे', 'तिचा यायचा विचार आहे' हे आपण दुसऱ्याबद्दल बेधडक बोलतो. जपानीत दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला थेट माहीत असल्यासारखं बोलत नाहीत. 'ओमोत्ते इमास'चं साधं रूप 'ओमोइमास' स्वतःपुरतं आणि त्यातही आत्ताच मनात आलेल्या बेतासाठी. दुसऱ्याबद्दल 'ओमोत्ते इमास' तरी हवं, नाहीतर 'इकु सोऽ देस' (जाणार आहे म्हणे) किंवा 'इकु त्सुमोरी मिताइ' (जायचा बेत दिसतोय). हा 'म्हणे' आणि 'दिसतोय' प्रत्येक वेळी आठवणीने जोडणं मला अजूनही जड जातं, आणि पुस्तकांत यावर सराव कमी असतो. ऐकण्याच्या प्रश्नांत बेत बोलणाऱ्याचा की तिसऱ्याच कोणाचा, हे या शेपटावरून ओळखता येतं, त्यामुळे सराव वेगळा करावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने माझ्या मते आधी 'ओमोत्ते इमास' आणि योतेइ ही दोनच पक्की करावीत. महिनाभर तेवढ्यावर भागतं. मग 'नारिमाशिता' घ्यावं. त्सुमोरी शेवटी घेतलं तरी काही अडत नाही, फक्त कानावर पडल्यावर ते ओळखता यायला हवं.