बॅट घेतल्यावर “मापात बसवून देतो” म्हणतात तेव्हा काय होतं

एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिरं सुरू झाली की सोलापुरात लेदर बॉलच्या बॅटची खरेदी वाढते. मुलगा पार्क मैदानावर नेटला जायला लागतो, सर सांगतात की आता टेनिस बॉलची बॅट चालणार नाही, आणि वडील संध्याकाळी त्याला घेऊन दुकान गाठतात. बॅट विकताना जेवढी फसवणूक होते, त्याहून जास्त ती विकल्यानंतरच्या “फिटिंग”मध्ये होते. म्हणून हे एक प्रकरण सविस्तर सांगतो आहोत.

मुलगा चौदा वर्षांचा, उंची पाच फूट तीन इंच. त्याला हॅरो मापाची, म्हणजे मोठ्यांच्या मापाहून एक पायरी लहान, बॅट हवी होती. दुकानात ती शिल्लक नव्हती, म्हणून मोठ्यांची शॉर्ट हँडल पुढे केली गेली. किंमत 14,500 रुपये, ग्रिपसह वजन 1,290 ग्रॅम. मुलाच्या मनगटाला ती पेलेना, तेव्हा दुकानदार म्हणाला, “घ्या की काका, पोरगं वाढतंय. वजन आपण कमी करून देऊ, हँडल कापून मापात बसवू. चार दिवसांत बॅट तयार.” या कामाचे वरचे 1,800 रुपये झाले. त्यात वजन कमी करणं, हँडल कापणं, तेल आणि मशीनचं नॉकिंग (नवी बॅट खेळण्याआधी ठोकून घट्ट करणं) सगळं आलं.

चार दिवसांनी दुकानातल्या काट्यावर बॅट ठेवली, आकडा आला 1,180. एकशे दहा ग्रॅम कमी, म्हणून बापलेक खूश. पण तेव्हा बॅटवर ग्रिप नव्हती. ग्रिप नंतर चढवली आणि तीही दुहेरी. एक ग्रिप साधारण 50 ग्रॅमची असते. घरच्या काट्यावर तीच बॅट 1,280 भरली. एवढ्या खर्चात बॅटचं एकूण वजन उतरलं ते दहा ग्रॅम.

तरीही मुलाला दुकानात ती हलकी का वाटली? दुहेरी ग्रिपचं वजन हाताशी बसतं, त्यामुळे टोचा, म्हणजे बॅटच्या खालच्या टोकाचा, भार जाणवत नाही. शिवाय लाकूड टोच्या बाजूनंच काढलं होतं. पाठीमागच्या खालच्या सहा इंचांतून 45 ग्रॅम काढायचे, तर तिथली जाडी साडेसहा मिलिमीटरच्या आसपास घटते. पिकअप झकास लागतो, म्हणजे बॅट उचलताना हलकी वाटते, आणि पहिल्याच यॉर्करला टो उकलतो. इथं तिसऱ्या आठवड्यात उकलला. भेग मधून निघून चार इंच वर गेली होती. मुलाच्या लहान पंजाला दुहेरी ग्रिपचं जाड हँडल धरताना होणारा त्रास वेगळाच.

विलोचं लाकूड वजनाला फार हलकं असतं. बॅटच्या पूर्ण पाठीवरून 100 ग्रॅम काढायचे म्हटलं तर सगळीकडून जवळजवळ 4 मिलिमीटर रंधावं लागतं. तेवढं काढल्यावर बॅटमध्ये मार उरत नाही. जाणता कारागीर कण्याच्या (पाठीवरच्या उभ्या उंचवट्याच्या) दोन्ही बाजूंनी आणि शोल्डरकडून (हँडलजवळच्या खांद्यांकडून) मिळून पंचवीस-तीस ग्रॅम काढतो, त्याहून जास्त मागितलं तर सरळ नाही म्हणतो. शंभर ग्रॅमचं आश्वासन देणाऱ्याच्या हाती बॅट सोपवू नका.

हँडलचंही तसंच. वरून एक इंच कापलं तर दहा-पंधरा ग्रॅम जातात, पण हातापाशी असलेला तोल गेल्यामुळे बॅट उलट पुढे जड वाटते. शिवाय पातं मोठ्यांच्याच मापाचं राहतं. हँडल कापून शॉर्ट हँडलची हॅरो होत नाही. माप बघायचं ते बूट घालून, स्टान्समध्ये उभं राहून. बॅटचा टो मागच्या पायाच्या अंगठ्यापाशी टेकला की हँडलचं टोक मांडीच्या वरच्या भागाला लागावं. कंबरेच्या वर जात असेल तर ती बॅट मोठी. नंतर फक्त वरच्या हातानं, म्हणजे उजव्या फलंदाजानं डाव्या हातानं, बॅट आडवी धरून ठेवायची. पाच-सहा सेकंदांत मनगट खाली येत असेल तर ती बॅट घेऊच नका, मग सूट कितीही मिळो.

आता लाकडाकडे वळू. ही बॅट “इंग्लिश विलो, ग्रेड 1” म्हणून विकली होती. पुढच्या बाजूला जाड पांढरी फायबर शीट होती, त्यामुळे रेषा दिसतच नव्हत्या. भेगेसाठी शीट सोलली तेव्हा खालचं लाकूड ब्लीच केलेलं निघालं. पुढच्या बाजूला आठ सरळ रेषा होत्या, पण टोच्या बुडाशी त्यातली एकही उतरत नव्हती. खरी रेषा म्हणजे झाडाच्या वाढीचं वलय, ती लाकडातून आरपार असते. पुढून दिसणारी रेषा वळून टोच्या बुडावरही दिसलीच पाहिजे. तिथं लाकूड तपकिरी आणि गच्च होतं, म्हणजे काश्मीर विलो. काश्मीर विलोत वाईट काही नाही. अनंतनाग भागात बनणाऱ्या बॅट दोन-चार हजारांत मिळतात आणि शिकणाऱ्या मुलाला त्या पुरतात. ग्रेडबद्दलही सांगायला हवं. तो कुठली सरकारी संस्था देत नाही, प्रत्येक कंपनी आपापला लावते. म्हणून स्टिकर न बघता टो गार्ड आणि शीट लागायच्या आधीची उघडी बॅट मागा. दाखवत नसतील तर तिथून निघा.

तेल लावलंच नव्हतं असं म्हणता येणार नाही, पण ते शीट चिकटवल्यानंतर पाठीवर फिरवलं होतं. पुढची बाजू कोरडीच राहिली. कच्चं जवसाचं तेल एका हाताला चहाचा एक चमचा पुरतं. पुढची बाजू, एज (बाजूच्या कडा), टो आणि पाठ, सगळीकडे लावायचं. हँडल जिथं पात्यात रुततं त्या सांध्याला आणि स्टिकरला लावायचं नाही. बॅट चोवीस तास आडवी ठेवायची आणि असे दोन-तीन हात द्यायचे. रंगकामाचं उकळलेलं तेल नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत जातो आणि हवा कोरडी असते. लाकडात दहा-बारा टक्के ओल लागते, ती गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवलेल्या बॅटमधून भराभर उडून जाते. मुद्दाम जास्त सुकवून हलकी केलेली बॅट तर पहिल्या उन्हाळ्यातच तडकते.

मशीनच्या नॉकिंगवर विसंबू नका. मशीन बहुतेक मधल्या भागावर सपाट ठोकतं, एज तशाच राहतात आणि बॅट फुटते ती एजला किंवा टोला. लाकडी हातोडीनं दहा-पंधरा मिनिटांच्या बैठका करत एकूण चार ते सहा तास ठोकावं लागतं. एजवर सरळ घाव घालायचा नाही, 45 अंशांत तिरका मारून तिथं गोलाई आणायची. पाठीला आणि टोच्या बुडाला हातोडी लावायची नाही. मग जुन्या चेंडूवर हलके झेल द्यायचे. चेंडूच्या शिवणीचे वळ बॅटवर उठत असतील तर आणखी ठोकायची.

या प्रकरणात तक्रार पुढे सरकली नाही, कारण बिलावर फक्त “स्पोर्ट्स गुड्स 1 नग” लिहिलं होतं आणि फिटिंगच्या 1,800 रुपयांची पावतीच नव्हती. बिलावर लाकडाचा प्रकार, माप आणि वजन लिहून घ्या. वजन ग्रिपसह किती आणि ग्रिपशिवाय किती, दोन्ही आकडे हवेत. फिटिंगला देण्याआधी काट्यावरच्या बॅटचा फोटो काढा, परत घेताना त्याच काट्यावर तशीच ग्रिप चढवून पुन्हा मोजा. कागद हातात असतील तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. दुकानदार बधला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे.

त्या मुलाच्या बॅटची भेग गोंद भरून, शिकंज्यात आवळून आणि वरून दोरा गुंडाळून बुजवता येईल. रंधलेलं लाकूड आणि कापलेलं हँडल काही परत जोडता येत नाही. थ्रोडाउनच्या, म्हणजे जवळून हातानं टाकलेल्या चेंडूंच्या, सरावाला ती एखादा हंगाम चालेल, यॉर्कर टाकणाऱ्यासमोर नाही.