तीन तारे, जेवून दिलेले

मी औषध कंपनीचा एमआर. कुडाळ, मालवण, देवगड ही माझी लाइन. अकरा वर्षं दर दुसऱ्या बुधवारी दुपारी मी देवबाग रस्त्यावरच्या या खानावळीत जेवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण इथल्या ढीगभर अभिप्रायांतल्या बऱ्याच जणांनी हा उंबरठा पाहिलेलासुद्धा नाही.

आधी जेवण. इथं यायचं ते बांगड्याच्या तिखल्यासाठी. ठेचलेली तिरफळं, भाताला चिकटून राहील एवढाच रस, सोबत उकडा भात. सुरमई तळलेली छान, पण रव्याचा थर जरा जाड. सोलकढी मात्र पातळ. नारळाचा दुसरा रस आणि वर पाणी, चव बिचारं कोकमाचं आगळ एकटं सांभाळतं. हात धुवायचा नळ गळतो. मी पहिल्यांदा आलो तेव्हाही गळत होता. दीडनंतर गेलात तर पाऊण तास बाकावर.

आता ते जूनचं प्रकरण. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. त्या दिवसांत खाडीतलं काही मिळालं तर मिळालं, नाहीतर सुका बांगडा. सुरमई असलीच तर बर्फातली किंवा बाहेरून आलेली, आणि महाग. बाहेरगावच्या एका कुटुंबानं तीच मागवली, बिल बघून हादरले आणि गेटाबाहेर उभं राहून व्हिडिओ केला: मालवणात पर्यटकांची लूट. दोन दिवसांत एका ताऱ्यांचा पाऊस. मग आपली माणसं उठली, कोकणी माणसाची बदनामी म्हणून पाच ताऱ्यांचा उलटा पाऊस. एकानं मटण अप्रतिम असल्याचं लिहिलंय. इथं मटण होतच नाही.

खरं सांगू? त्या कुटुंबाचं निम्मं बरोबर होतं. फळ्यावर सुरमईपुढे आकडाच नव्हता, नुसतं ‘दर विचारा’. पाहुण्याला काय ठाऊक विचारायचं असतं ते! आणि खानावळ चालवणाऱ्या काकींचंही निम्मं बरोबर होतं: बंदीत ताजी सुरमई मागणाऱ्याला आधी दोनदा सांगितलं होतं, बांगडा घ्या म्हणून. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, तर एका बाजूनं मला मालकाचा जावई ठरवलं आणि दुसऱ्या बाजूनं पर्यटकांचा दलाल. माझ्या बायकोला दोन्ही स्थळं पसंत नाहीत.

या रागाला खतपाणीही मिळालेलं आहे. फेसबुकनं २०१६ मध्ये अंगठ्याच्या जोडीला रागीट चेहरा आणला आणि पुढच्याच वर्षापासून अशा चेहऱ्यांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं. २०२० मध्ये रागाचं वजन शून्यावर आणलं, पण तोवर सवय लागायची ती लागली होती. नेटफ्लिक्सनं तर २०१७ मध्ये पाच तारे मोडीत काढून वर-खाली अंगठेच ठेवले. ‘बरंय, पण सोलकढी पातळ’ याला त्यात अंगठा कुठला?

नारळी पौर्णिमेनंतर गेलो तर सगळं शांत. गल्ल्यावर मुलगा एकटाच मोबाइल चाळत बसलेला. आठवडाभर जिच्या नावानं लोक एकमेकांची आई-बहीण काढत होते, ती खानावळ उघडी आहे की बंद, याची चौकशी एकानंही केली नव्हती. मी ज्या डॉक्टरांना भेटतो त्यांच्यापैकी तिघांनी व्हिडिओ पुढे पाठवला होता. विचारलं तर म्हणाले, कुठली खानावळ?

एक फरक पडलाय. फळ्यावर आता खडूनं रोजचा दर असतो. आणि गल्ल्याजवळ मुलानं कागद चिकटवलाय: पाच तारे द्या, सोलकढी फुकट. या सोलकढीला पाच तारे म्हणजे फारच महाग पडले.

म्हणून मी तीन देतोय, आणि जेवायला जरूर जा म्हणून देतोय. बटण दाबायच्या आधी काकींना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी मोबाइल लांब धरला.

“तीन म्हणजे पास मा?”

“पास.”

“मग रवांदे,” म्हणाल्या आणि पानात आणखी एक बांगडा टाकला. नळाचं सांगितलं तेव्हा मात्र ऐकू न आल्यासारखं करून आत गेल्या.