उतारावरचा प्लॉट आणि सपाट नकाशा: बेळगाव-खानापूर भागात घर बांधणाऱ्यांची फसवणूक कशी होते

बेळगाव शहरालगत सपाट जागा घेणं सगळ्यांच्या आवाक्यात राहिलेलं नाही, म्हणून गिऱ्हाईक खानापूरकडच्या उतारांकडे वळतं. प्लॉट स्वस्त मिळतो. पुढं पायाच्या कामात आणि भरावात किती पैसे जाणार, हे मात्र विकणारा सांगत नाही आणि बांधणाराही सांगत नाही.

समजा प्लॉट 30 बाय 40 फूट आहे आणि रस्त्यापासून मागच्या हद्दीपर्यंत जमीन 6 फूट उतरते. ‘नकाशा पास करण्यासकट’ चौरस फुटाच्या दरानं ठेका ठरतो. मग कुठल्या तरी सपाट प्लॉटचा तयार नकाशा नाव आणि सर्व्हे नंबर बदलून मंजुरीला जातो. छेदात, म्हणजे घर उभं कापून दाखवलेल्या चित्रात, जमिनीची रेघ आडवी, जोतं (जमिनीपासून फरशीपर्यंतची उंची) 2 फूट. मंजुरी येते, शिक्काही खरा असतो. त्या कागदावरची जमीन तेवढी जागेवर नसते.

आता हिशेब बघा. घर 24 बाय 32, पुढं 5 फूट आणि मागं 3 फूट सोडलेले. सपाट जागेत जोत्याखाली साधारण 15 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) मुरूम लागला असता. इथं जोतं रस्त्यापेक्षा 2 फूट वर धरलं, तर घराच्या पुढच्या भिंतीशी पावणेतीन फूट आणि मागच्या भिंतीशी साडेसात फूट भराव येतो. म्हणजे जवळपास 40 ब्रास, तोही दाबून बसल्यावरचा. ठेक्यात धरलेले असतात 15. उरलेले एकतर ‘एक्स्ट्रा’ म्हणून मागतात, नाहीतर चक्क वाचवतात.

वाचवण्याचे प्रकार दोन. पहिल्यात मागच्या बाजूला 9 इंची चिऱ्याची भिंत उभी करून आत मुरूम, माती, पाडकामाचा चुरा एकदम ओततात. भराव 8-9 इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस किंवा रोलरनं बसवायचा असतो. तसा न बसवलेला भराव एक-दोन पावसाळ्यांत खचतो, फरशी मागच्या बाजूला कलते आणि भिंतीला पोट येतं. साडेसात फूट भराव धरायचा तर दगडी भिंतीचा तळ उंचीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे 4 फुटांच्या आसपास हवा. मागं सोडलेली जागा 3 फूट! मग भिंत एकतर सेटबॅक, म्हणजे नियमानं मोकळी सोडायची जागा, खाते, नाहीतर खालच्या शेजाऱ्याच्या हद्दीत शिरते. पाणी निघायला दर 4-5 फुटांवर 3 इंची पाइप आणि त्यामागं खडीचा थर लागतो. तो नसला की जुलैत भिंतीवर मातीबरोबर पाण्याचाही दाब येतो. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पाऊस शहरापेक्षा कितीतरी जास्त. तिथं ही हयगय पहिल्याच वर्षी दिसते.

दुसरा प्रकार जास्त गोड असतो. ‘भराव कशाला घालताय? खाली स्लॅब टाकू, एक खोली फुकटात होते.’ गिऱ्हाईक खूश. पण मंजूर नकाशात ती खोली नाही. खिडकी बसवून भाड्यानं दिली की ते तळघर राहत नाही, बिनपरवाना मजला होतो. नोटीस ज्याच्या नावावर खाता (मालमत्तेची नोंद) आहे त्यालाच येते. ठेकेदार तोवर दुसऱ्या साइटवर असतो.

नोटीस आली की आणखी एक माणूस उगवतो: ‘अक्रम-सक्रममध्ये बसवून देतो.’ बिनपरवाना बांधकामं नियमित करण्याच्या कर्नाटक सरकारच्या त्या योजनेला सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2017 मध्येच स्थगिती दिली. तिच्या नावानं कुणी पैसे मागितले तर सरळ वाटेला लावा. बी-खाता (शहरात) किंवा 11बी (ग्रामपंचायतीत), म्हणजे मंजुरी नसलेल्या मालमत्तेची नोंद, दाखवून ‘आता सगळं रेग्युलर’ म्हणणाराही त्याच जातीचा. ती नोंद प्रामुख्यानं कर घेण्यासाठी असते, बांधकामाची मंजुरी नव्हे. डिसेंबर 2024 च्या निकालात तर न्यायालयानं वीज-पाण्याचं कनेक्शन आणि बँकेचं कर्ज पूर्णत्वाच्या किंवा भोगवट्याच्या दाखल्याला बांधलं आहे.

बाँडवरच्या, म्हणजे नुसत्या स्टँपपेपरवर विकलेल्या, प्लॉटला तर हातच लावू नये. पहाणीत (कर्नाटकातल्या सातबाऱ्यात) जमीन अजून शेतीची, कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम 95 खाली एनए (बिनशेती) झालेली नाही, खरेदी नोंदवलेली नाही. अशा जागेवर नकाशाचा प्रश्नच पुढचा.

ठेका करण्याआधी पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दर 10 फुटांवर लेव्हल काढा. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. ते आकडे घालून छेद उताराच्या दिशेनंच काढायला सांगा आणि त्यात मूळ जमिनीची तिरकी रेघ दिसल्याशिवाय सही करू नका. पाया पायऱ्यांनी उतरवायचा, प्रत्येक पायरी अस्सल जमिनीत. भरावावर फुटिंग (पायाचा तळ) अजिबात नको. भराव, आधारभिंत आणि पाण्याचा निचरा यांचे दर करारात वेगळे लिहा, ब्रासमध्ये आणि घनफुटात. कागद कानडीत असतील तर ठेकेदाराच्या माणसाकडून नव्हे, बाहेरच्या कुणाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. ‘फक्त फॉर्म आहे, सही करा’ म्हणून घेतलेल्या सह्यांत मालकानं फेरबदलाची जबाबदारी स्वतःवर घेतलेली निघते.

काम सुरू झाल्यावर गफलत दिसली तर जोत्यालाच थांबवा. तिथं सुधारित नकाशा टाकणं शक्य असतं, स्लॅब पडल्यावर सगळं महागतं. भिंतीला टेप लावून तारखेसह फोटो काढा, लेखी नोटीस स्पीड पोस्टानं, रजिस्ट्रेशनसह, पाठवा. ठेकेदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं. ठेक्यापोटी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथंच चालते. त्यासाठी पैसे बँकेतून दिलेले असावेत. रोख दिलेल्या ‘एक्स्ट्रा’ची पावती कुणीच देत नाही.